मशीन मॉनिटरिंग, एनर्जी मीटर आणि कार्बन रिपोर्ट एकत्र देणारी सर्व्हिस: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, 5 पैकी साडेतीन स्टार. मशीन आणि विजेच्या भागाला साडेचार, कार्बन रिपोर्टला दोन, सपोर्टला तीन. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात जे 'इनोव्हेशन' छापलंय त्याला वेगळे स्टार देत नाही, कारण ते पॅकेजमध्ये येत नाही, ते कुठून येतं ते खाली लिहितोच. कंपनीचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, असली सर्व्हिस देणारे आता ढीगभर झालेत आणि सगळ्यांचं पॅकेज थोड्याफार फरकाने सारखंच असतं, त्यामुळे तुम्ही कुणाकडूनही घेत असाल तरी हे वाचून उपयोग होईल.

आमचं काम मशीनिंगचं. सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ), व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन), काही जुनी मशीन्स जी अजून खणखणीत चालतात, एक फर्नेस आणि हवेसाठी स्क्रू कॉम्प्रेसर. मी प्रॉडक्शन बघतो. घेतलं ते असं: प्रत्येक मशीनला एक छोटा बॉक्स जो मशीन चालू आहे, थांबलंय की अलार्मवर आहे ते पकडतो, प्रत्येक पॅनलमध्ये एनर्जी मीटर, आणि वर क्लाउडवर सॉफ्टवेअर ज्यात हे सगळं दिसतं आणि महिन्याअखेरीला कार्बनचा रिपोर्ट निघतो.

जुन्या मशीनचं काय करणार हा आमचा पहिला प्रश्न होता, कारण त्यांना नेटवर्क पोर्टच नाही. तर त्यांनी सरळ मशीनवरच्या रंगीत टॉवर लॅम्पवरून सिग्नल उचलला, हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे वाट बघतंय, लाल म्हणजे बंद, बस. ज्याला लॅम्पच नव्हता त्याला मोटरच्या करंटवरून अंदाज. मीटर मोडबसवर बोलतात, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना डेटा पाठवायची ठरलेली भाषा, हा प्रोटोकॉल 1979 चा आहे आणि अजून फॅक्टरीभर तोच धावतोय, त्यामुळे 'इंडस्ट्री 4.0 साठी, म्हणजे मशीन्स नेटवर्कला जोडायला, सगळी मशीन्स नवीन घ्या' असं कुणी सांगत असेल तर खुशाल कानाआड करा. या भागाला पूर्ण मार्क, काम सुटसुटीत झालं, प्रॉडक्शन फारसं थांबवावं लागलं नाही.

आता एक किस्सा. सुरुवातीला एक व्हीएमसी विजेच्या बाबतीत फारच गुणी दिसायला लागलं. शेजारचं तेच मॉडेल, तोच जॉब (म्हणजे बनवायचा पार्ट), तेच टूल, आणि हे बाबा मात्र एक तृतीयांश विजेत काम करतंय. मीटिंगमध्ये त्या मशीनचं कौतुक झालं, ते स्टॅंडर्ड म्हणून बाकीच्यांना लावा असंही ठरत आलं होतं. आमच्या वायरमनला ते पटेना, त्याने पॅनल उघडून बघितलं तर इन्स्टॉलेशनवाल्यांनी एका फेजचा सीटी, म्हणजे वायरमधला करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, उलटा बसवलेला. तीन फेजवर सारखा लोड असताना एक सीटी उलटा लागला की दोन अधिक आणि एक वजा, म्हणजे तीनाच्या जागी एकच दिसतो, बरोब्बर एक तृतीयांश. सॉफ्टवेअरला त्या फेजची पॉवर मायनसमध्ये दिसत होती तरी त्याने हूं का चूं केलं नाही, वर डॅशबोर्डवर हिरव्या पानाचं चिन्ह दिलं. एवढं साधं चेकिंग आतून व्हायला पाहिजे की नको? अर्धा स्टार तिथेच कापला.

दुसरी तक्रार टायमिंगची. मशीनचा बॉक्स आणि मीटरचा डेटा क्लाउडला पाठवणारा गेटवे यांची घड्याळं वेगवेगळी, काही मिनिटांचा फरक. वरवर बघितलं तर काय एवढं, पण या सगळ्या सेटअपचा जीव त्यातच आहे. मशीन थांबलेलं असताना किती वीज खाल्ली हे काढायचं तर मशीनचं स्टेटस आणि मीटरचं रीडिंग एकाच घड्याळावर पाहिजे, नाहीतर सेटिंगच्या वेळेतली वीज कटिंगच्या खात्यात जाते. शिवाय मीटर डिफॉल्टला 15 मिनिटांचं सरासरी रीडिंग पाठवतो. बिलासाठी ते ठीक, पण 3 मिनिटांच्या सायकलमध्ये काय चाललंय ते 15 मिनिटांच्या सरासरीत शोधणार कसं? सेकंदाचं रीडिंग मागितलं तर वरचा प्लॅन घ्या म्हणाले. शेवटी सगळी मशीन्स न घेता जिथे खरंच खोदायचं होतं तेवढ्यांनाच ते घेतलं, आणि माझं मत विचाराल तर तसंच करा, सगळीकडे सेकंदाचा डेटा घेऊन बघणार कोण.

बरं, आता चांगलं काय ते.

सुट्टीच्या दिवशीचा ग्राफ. प्लांट बंद, आत फक्त सिक्युरिटी, आणि कॉम्प्रेसर मात्र ठरावीक वेळाने लोड घेतोय (हवा भरतोय), सोडतोय (नुसता फिरतोय, म्हणजे अनलोड), परत घेतोय. हवा वापरायला कुणीच नाही म्हणजे जी चाललीय ती गळती. याचा हिशोब सोपा असतो, लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड मिळून वेळ. समजा 2 मिनिटं लोड आणि 6 मिनिटं अनलोड, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा 25 टक्के माल नुसता फुस्स होतोय. लक्ष न दिलेल्या प्लांटमध्ये 20-30 टक्के गळती ही काही नवलाची गोष्ट नाही, पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण आपल्याच प्लांटचा ग्राफ समोर आला की मेंटेनन्सवाल्यांना सांगावं लागत नाही. कपलिंग, ट्यूब, जुने एअर गन, सगळं बदललं. आणि स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर असतानाही फुल लोडच्या पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त वीज खातो, म्हणून सुट्टीला तो बंदच ठेवायचा असा नियम झाला.

इथपर्यंत ही बचत झाली, याला इनोव्हेशन म्हणायची माझी तयारी नाही. सर्व्हिसवाले मात्र त्यांच्या केस स्टडीत यालाच इनोव्हेशन म्हणतात. गळती बुजवणं हे मेंटेनन्सचं रोजचं काम आहे.

खरं काम त्यानंतर झालं. गळती गेल्यावर प्रेशरचा ग्राफ स्वच्छ दिसायला लागला आणि आमच्या डिझाइनमधल्या एका पोरीने विचारलं, आपण अख्ख्या प्लांटला एवढं प्रेशर देतो कशाला? शोधाशोध केली तर जवळपास सगळ्यांना कमी प्रेशर चालत होतं, फक्त एक जुनं फिक्श्चर (जॉब पकडून ठेवायची चौकट) होतं ज्यातला 50 मिमीचा सिलिंडर कमी प्रेशरला जॉब घट्ट धरत नव्हता. म्हणजे एका फिक्श्चरच्या हट्टापायी सगळा प्लांट जास्त प्रेशरवर. तिने तिथे 63 मिमीचा सिलिंडर टाकायचा ठरवला. फोर्स म्हणजे प्रेशर गुणिले एरिया, आणि 50 चा 63 केला की एरिया साधारण 59 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे 50 ला 6 बारवर जो फोर्स मिळायचा तो 63 ला 3.8 बारच्या आसपासच मिळतो. कुणी म्हणेल मोठा सिलिंडर हवा पण जास्त खाणार, तर त्या एका सिलिंडरचा हिशोब जवळपास तेवढाच राहतो, पण बाकी सगळ्या प्लांटचं प्रेशर खाली येतं, आणि 7 बारच्या आसपास 1 बार कमी केला की कॉम्प्रेसरची वीज साधारण 6-7 टक्क्यांनी कमी होते हा ठोकताळा सगळ्यांना माहीत आहे. वर प्रेशर कमी म्हणजे उरलीसुरली गळतीही कमी.

आणि गंमत पुढे आहे. सिलिंडर बदलायला फिक्श्चर खोललंच होतं तर तिने आणि ऑपरेटर दादांनी मिळून क्लॅम्पिंगची पद्धतच बदलली, आता एका पकडीत दोन बाजू होतात, आधी जॉब काढून फिरवून परत लावायचा. दुसऱ्यांदा लावताना जी अलाइनमेंटची भानगड व्हायची ती गेली, रिजेक्शन कमी झालं, आणि तसलं फिक्श्चर आता नवीन जॉबला पहिल्यापासूनच तसं बनतं. याला मी इनोव्हेशन म्हणतो. सुरुवात कुठून झाली तर हवेच्या ग्राफपासून. वीज वाचवायची म्हणून बघायला गेलो आणि प्रॉडक्टची प्रोसेस बदलून आलो. सॉफ्टवेअरने यात काय केलं? प्रश्न विचारता येईल इतपत समोर मांडलं. उत्तर त्याच्या एकाही स्क्रीनवर नव्हतं.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे 'युनिट पर पीस'. मशीनचं स्टेटस आणि मीटर एकत्र आल्यामुळे एका जॉबमागे किती वीज गेली ते दिसतं. यातून जे कळलं त्याने आमच्या बऱ्याच जणांचे समज मोडले. लोकांना वाटतं मशीन कट करताना वीज खातं. प्रत्यक्षात हायड्रॉलिक, कूलंट पंप, चिप (धातूचा कीस) बाहेर नेणारा कन्व्हेअर, पॅनलचा एसी, हे सगळं कटिंग असो नसो चालूच असतं. 2000 च्या दशकात एका मोठ्या मोटार कंपनीच्या मशीनिंग लाइनवर मोजलं गेलं होतं, तिथे प्रत्यक्ष कटिंगला जास्तीत जास्त 14.8 टक्के वीज जात होती, बाकी सगळी आजूबाजूच्या फौजफाट्याला. आता हिशोब बघा, मशीन नुसतं उभं राहून 4 किलोवॅट खात असेल आणि सायकल 3 मिनिटांची असेल तर एका पीसमागे 0.2 युनिट बसून खाल्ले, तीच सायकल 2 मिनिटांवर आणली तर 0.13. म्हणजे प्रॉडक्शनवाला ज्यासाठी धडपडतो तेच पर्यावरणवाल्याला पण हवंय, दोघांची भांडणं उगाचच. आमच्याकडे दोन ऑपरेशन एका टूलमध्ये बसवायची कल्पना बरीच जुनी होती, टूल महाग म्हणून दरवेळी मागे पडायची, आता तिच्या बाजूने विजेचा आकडा पण उभा राहिला आणि ती पास झाली. जुन्याच कल्पनेला नवीन वकील मिळाला म्हणा.

पंपाचं पण तसंच. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह, लावायचा विषय निघाला की मॅनेजमेंट म्हणायची बघू. सेंट्रिफ्युगल पंप किंवा फॅनचा स्पीड 80 टक्क्यांवर आणला की पॉवर थिअरीत जवळपास अर्धी होते, कारण ती स्पीडच्या घनावर चालते. पण थिअरी सगळेच सांगतात, आपल्या कूलंट पंपाचा आधीचा आणि नंतरचा ग्राफ शेजारी ठेवला की बघूचं करू होतं.

एक फीचर कुणी फारसं वापरत नाही पण मला आवडलं. दर दिवसाचं प्रॉडक्शन आडव्या अक्षावर आणि वीज उभ्या अक्षावर टाकून सॉफ्टवेअर रेघ काढतं. रेघ उभ्या अक्षाला जिथे कापते ती वीज म्हणजे एकही पीस न बनवता प्लांट जी खातो ती. आयएसओ 50001, म्हणजे ऊर्जा व्यवस्थापनाचं स्टॅंडर्ड, करणाऱ्यांना बेसलाइन म्हणून हेच लागतं, 2011 ला आलेलं ते स्टॅंडर्ड 2018 ला सुधारलं गेलं आणि त्यात कामगिरी सुधारलीय हे आकड्यात दाखवावं लागतं. ऑडिटच्या निमित्ताने का होईना, लोक ती रेघ बघायला लागले.

आता कार्बन मॉड्यूल. इथे मी जरा कडक बोलणार आहे. हे मॉड्यूल करतं काय, तर विजेची युनिट्स घेतं, ड्रॉपडाउनमधून ग्रिडचा फॅक्टर (एका युनिट विजेमागे किती कार्बन) घेतं, गुणाकार करतं, आणि चकचकीत पीडीएफ देतं. गॅस आणि डिझेलचे आकडे आपणच टाकायचे. एवढं काम एक्सेलमध्ये दुपारच्या चहाआधी होतं. आणि आमच्यासारख्या मशीनिंगवाल्याच्या कार्बनचा मोठा हिस्सा विकत घेतलेल्या धातूत असतो, जो स्कोप 3 मध्ये, म्हणजे आपल्या प्लांटबाहेर सप्लायरकडे वगैरे झालेल्या कार्बनमध्ये मोडतो, तिथे हे मॉड्यूल सरसकट एकच सरासरी आकडा लावून मोकळं होतं. अहो, ॲल्युमिनियम खाणीतून आलं की भंगार वितळवून आलं याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, रिसायकल ॲल्युमिनियमला नव्याच्या तुलनेत 5 टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते. स्टीलमध्येपण ब्लास्ट फर्नेसचा रूट आणि स्क्रॅपवर चालणारा इलेक्ट्रिक फर्नेसचा रूट यात मोठा फरक आहे. सप्लायरचा खरा आकडा टाकायला जागाच नाही म्हटल्यावर त्या रिपोर्टवरून पर्चेसवाला काय ठरवणार आणि डिझायनर काय बदलणार?

त्याहून मोठी गफलत म्हणजे चिपचं वजन कुठे टाकायचीच सोय नाही. आत किती किलो धातूचा बार गेला आणि बाहेर किती किलोचा जॉब आला, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा पर्यावरणाचा आकडा आणि तोच गायब. शेवटी आम्ही चिप बिनजवळ वजनकाटा ठेवला आणि पोरांनी वहीत लिहायला सुरुवात केली. एका जॉबला निम्म्याहून जास्त धातू चिपमध्ये जातोय हे त्या वहीतून कळलं, क्लाउडमधून नाही, आणि मग धातू ठोकून कच्चा आकार देणाऱ्या फोर्जिंगवाल्याशी बोलणं सुरू झालं की आकार आणखी जवळचा देता येईल का. ते ट्रायल अजून चालू आहेत, त्यासाठीच्या डायचा (साच्याचा) खर्च कुणी उचलायचा यावर गाडी अडलीय. पण बघा, सगळ्यात मोठा बदल होऊ शकेल ती जागा एका साध्या काट्याने दाखवली.

तरीपण मॉड्यूल अगदीच टाकाऊ आहे असं नाही. एक्सपोर्टवाल्यांना आकडे द्यावेच लागतात. युरोपच्या सीबॅममध्ये (आयात मालातल्या कार्बनवर किंमत लावायचा नियम) 1 ऑक्टोबर 2023 पासून रिपोर्टिंग सुरू झालं आणि 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष कार्बनची किंमत मोजायचा टप्पा लागला, आणि त्यात नुसतं कच्चं लोखंड-ॲल्युमिनियम नाही तर नट-बोल्ट-स्क्रूसुद्धा येतात. मॅनेजमेंटचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी 1991 मध्येच मांडलं होतं की कडक पण नीट आखलेले पर्यावरणाचे नियम कंपन्यांना नवीन काहीतरी शोधायला भाग पाडतात आणि त्यातून कधीकधी नियमाचा खर्चही भरून निघतो. त्यावर तेव्हापासून वाद चालू आहेत, नवीन शोध वाढतात याला बऱ्यापैकी आधार मिळालाय, नफा वाढतोच का यावर मात्र निकाल संमिश्र. मला आमच्या अनुभवावरून वाटतं की नियम रिपोर्टपुरता राहिला तर त्यातून फक्त रिपोर्ट बनवणारे तयार होतात. नियमाचा आकडा ड्रॉइंगवाल्याच्या टेबलापर्यंत पोचला तरच पुढे काही घडतं.

माणसांचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर सगळं तिथेच अडतं. मशीन थांबलं की ऑपरेटरने स्क्रीनवर कारण निवडायचं. त्यांनी कारणांची एवढी लांबलचक यादी दिलेली की दादा लोक ग्लोव्ह काढून, डोळे बारीक करून स्क्रोल करत बसणार का? सगळे पहिलंच कारण दाबायचे, 'इतर'. रिपोर्टमध्ये प्लांटचा सगळ्यात मोठा ब्रेकडाऊन म्हणजे इतर! त्यात एका शिफ्टच्या सुपरवायझर साहेबांनी डॅशबोर्डचा फोटो काढून ग्रुपवर टाकत 'हे मशीन का थांबलं' असं विचारायला सुरुवात केली, मग तर काय, लोक मशीन रिकामं फिरवायला लागले, कागदावर ते चालू दिसतं आणि वीज जळते ती वेगळीच. सुदैवाने मीटर शेजारीच असल्यामुळे चालू आहे पण लोड नाही हे उघडं पडलं. मग बसून ठरलं की हा डेटा कुणाला झापायला वापरायचा नाही, यादी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी केली, ती पण आमच्या लोकांच्या शब्दांत, 'टूलची वाट', 'मटेरियल नाही', 'क्यूसी येईना' असं. यादी बदलायला आम्हाला ॲडमिन राइट्स नव्हते, सर्व्हिसवाल्यांकडे तिकीट टाकावं लागलं आणि त्यांनी ते बराच काळ लोळवत ठेवलं, हे त्यांचं पाप. पण त्यानंतर कारणं खरी यायला लागली आणि सुधारणांच्या अर्ध्याअधिक कल्पना त्या कारणांमधूनच निघाल्या.

ओईईबद्दल, म्हणजे मशीन किती वेळ, किती वेगाने आणि किती चांगला माल काढतं याच्या एकत्रित टक्केवारीबद्दल, दोन शब्द. जपानच्या नाकाजिमांच्या टीपीएम या मेंटेनन्स पद्धतीतून आलेला 85 टक्क्यांचा 'वर्ल्ड क्लास' आकडा डॅशबोर्डवर लाल रेघेने काढून ठेवलाय. तो काढून टाका म्हणून सांगा. छोटे लॉट, रोज सेटिंग बदल असा धंदा असेल तर ती रेघ बघून लोक फक्त खट्टू होतात, किंवा सेटिंग टाळायला मोठे लॉट काढून माल पडून ठेवतात, म्हणजे ओईई छान आणि गोडाऊन फुल्ल.

एक विचार सारखा डोक्यात येतो. कारखान्यांत वाफेच्या जागी वीज आली तेव्हा सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी इंजिन काढून तिथे एकच मोठी मोटर बसवली, वरचा लांबच लांब शाफ्ट आणि पट्टे तसेच ठेवले, आणि फायदा बेताचाच झाला. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर मिळाली, मशीन कामाच्या क्रमाने हवी तिथे मांडता यायला लागली, तेव्हा कुठे उत्पादन उसळलं, आणि त्याला काही दशकं लागली. या डॅशबोर्डचं पण बऱ्याच ठिकाणी सध्या तेच चाललंय, जुनीच मीटिंग, जुनाच आरडाओरडा, फक्त आता तो मोठ्या टीव्हीवरचे आकडे बघून.

डेटाच्या मालकीबद्दल आधीच विचारून घ्या. आमच्याकडे सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) निघते पण एका वेळी थोड्याच दिवसांची, एपीआयचे (दुसऱ्या सॉफ्टवेअरला डेटा थेट द्यायच्या सोयीचे) पैसे वेगळे, आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की जुना डेटा किती दिवस ठेवणार याचं उत्तर प्रत्येक माणूस वेगळं देतो. लेखी घ्या. सपोर्टला फोन केला की उचलतात, बोलतात गोड, सॉफ्टवेअरची अडचण पटकन सोडवतात, हार्डवेअरची म्हटली की माणूस यायला वेळ लागतो.

कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे ग्राफ बघून 'हे असं का' विचारणारा निदान एक माणूस आहे आणि त्याला फिक्श्चर, टूल, प्रोग्रॅम बदलून बघायची मुभा आहे, त्यांनी डोळे झाकून घ्या. ट्रायलला मशीन देणार नाही, प्रॉडक्शन थांबवणार नाही, पण रिपोर्ट पाहिजे अशी जिथे तऱ्हा आहे तिथे पैसे वाया जातील, त्यांनी मीटर आणि एक्सेल एवढंच करावं. आणि डेमोला आले की एक सीटी उलटा लावायला सांगा, सिस्टम ओरडते का बघा.

आम्ही मशीन आणि एनर्जीचा भाग रिन्यू केलाय, कार्बन मॉड्यूल बंद केलंय. सप्लायरचे खरे आकडे आणि चिपचं वजन टाकायची सोय पुढच्या व्हर्जनमध्ये देतो म्हणालेत, दिली तर परत चालू करू आणि स्टार पण वाढवू.